देवठाणच्या मुळ्यांचं पान

“मुळे? कुठले मुळे?” गुरुजींनी चष्म्याच्या वरून आईकडे पाहिलं.

“देवठाणचे. प्रवरेकाठचे.”

“शास्त्र्यांच्या घरातले?”

“नरहरशास्त्री माझे वडील.”

गुरुजी जरा थबकले. आईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले आणि आतल्या खोलीत गेले. नाशिकला त्यांच्या घरी आम्ही तिघं बसलो होतो, आई, बाबा आणि मी. सकाळची एस.टी. धरून नगरहून आलो होतो. भिंतीला लागून लाकडी फळ्या होत्या आणि फळ्यांवर लाल कापडात बांधलेल्या वह्यांचे गठ्ठे. नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांकडे अशा वह्या पिढ्यान्‌पिढ्या असतात. गावाचं आणि घराण्याचं नाव सांगितलं की ते तुमच्या घराण्याचं पान काढून देतात. त्यावर तुमच्या आजोबा-पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं : कोण आलो, कशासाठी आलो, मुलंबाळं किती, कोण जन्मलं, कोण गेलं.

आईचा तर हाच विषय. डॉ. अंबिका दिवटे म्हटलं की तीर्थक्षेत्रांतल्या वह्या आणि मोडी लिपी. पैठण, वाई, त्र्यंबक, सगळीकडच्या वह्या तिने पालथ्या घातल्या होत्या. फक्त नाशिकच्या या घराची पायरी ती कधी चढली नव्हती. तिथे तिच्या माहेरचं पान होतं, आणि त्या पानावर काय लिहिलं असणार ते तिला ठाऊक होतं.

तिने १९६१ साली बाबांशी लग्न केलं. बाबा येवल्याचे, साळ्याच्या घरातले. त्यांचे वडील आणि चुलते मागावर पैठणी विणायचे. आई देवठाणच्या वेदशास्त्रसंपन्न घरातली. दोघं पुण्याला एकाच प्राध्यापकांकडे मोडी शिकत होते. लग्नाची बातमी देवठाणला पोचली आणि आजोबांनी नाशिकला येऊन मुलीचा घटस्फोट केला. आज या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तेव्हा जुन्या लोकांत, जातीबाहेर गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर लवंडायची आणि ते माणूस मेलं असं धरायचं, याला घटस्फोट म्हणत. आजोबांनी घागर लवंडली, आंघोळ केली आणि जिवंत मुलीचं श्राद्ध घातलं.

तरी मला आजोबा होते. म्हणजे मला तसं वाटत होतं. दर दिवाळीच्या सुमारास त्यांचं पत्र यायचं. मोडीत, बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात. आई मला ते मोठ्याने वाचून दाखवायची. शेवटची ओळ ठरलेली : ‘चि. प्रवरास अनेक आशीर्वाद.’ प्रवरा हे माझं नाव. घरात भाऊबंदांचा धाक आहे म्हणून उत्तर पाठवू नकोस, भेटायला येऊ नकोस, असं ते लिहायचे. ते १९७५ साली गेले आणि पत्रं थांबली. आजोबा म्हणजे लोकांना भिणारे पण मनातून प्रेमळ असे एक म्हातारे गृहस्थ, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शाळेत मी त्यांच्यावर निबंधसुद्धा लिहिला होता.

ही गोष्ट १९८८ ची. त्या वर्षी नगरच्या एका संशोधन मंडळाने आईबाबांचा सत्कार करायचं ठरवलं. त्या निमित्ताने दोघांच्या घराण्यांचा इतिहास त्यांनी स्वतःच लिहावा आणि मंडळाने तो छापावा, असं ठरलं. बाबांचं येवल्याचं प्रकरण लिहून झालं. आईचं अडलं.

“माझ्या माहेरचं दोन पानांत उरका,” ती म्हणायची.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. नुकतीच कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले होते आणि पुस्तकाच्या प्रती टंकून द्यायचं काम माझ्याकडे होतं. मीच तिच्या मागे लागले. म्हटलं, “आयुष्यभर दुसऱ्यांची पानं वाचलीस, आता स्वतःचं वाच. आजोबांनी पुढे तुला माफ केलंच होतं की. मग कशाला भ्यायचं?” बाबा म्हणाले, “तिची इच्छा नसेल तर राहू दे, प्रवरा.” पण मी ऐकलं नाही. आईला मीच तिथे ओढून नेलं.

गुरुजी बाहेर आले. लाल कापडाची गाठ सोडली, वहीचं लांबट पान शोधून आईसमोर उघडं ठेवलं. बाबा तिच्या समोर बसले होते. मी आईच्या बाजूला, हातात वही आणि पेन. ती वाचणार, मी उतरवून घेणार.

वरच्या दोन-तीन नोंदी जुन्या होत्या. पणजोबांची काशीयात्रा, कुणाची तरी मुंज. आई सराईतपणे वाचत गेली. मग थांबली. पदर सारखा केला आणि त्याच आवाजात पुढे वाचलं :

“‘शके १८८३, मार्गशीर्ष वद्य सप्तमी. नरहर विनायक मुळे, राहणार देवठाण. कन्या अंबिका हिने परजातीत विवाह केला सबब घटस्फोट करून आज तिचे श्राद्ध केले. यापुढे तिला पत्र लिहिणार नाही, निरोप धाडणार नाही, तिच्या दारी जाणार नाही, अशी गोदावरीच्या पात्रात उभे राहून शपथ घेतली. दस्तुर खुद्द.’”

मी लिहायची थांबले. आईने माझ्याकडे पाहिलं. “लिही. मला हे माहीत होतं. माहीत असलेल्या गोष्टीला काय रडायचं?”

“अजून आहे खाली,” गुरुजी हळूच म्हणाले.

खाली आणखी एक नोंद होती. शाई वेगळी, अक्षर तेच पण थरथरतं. आई चष्मा पुसायला लागली. तेवढ्यात बाबांचं लक्ष पानाकडे गेलं. उलटा कागद वाचायची त्यांना सवय होती. कोर्टातले जुने दस्त तपासता तपासता ती लागली होती. त्यांची नजर दोन-चार ओळींवरून फिरली, आणि मी त्यांचा चेहरा बघत होते म्हणून सांगते, ओठांचा रंग गेला.

“अंबिका, पुरे आता,” ते म्हणाले. “तू दमलीयस. उरलेलं मी उतरवून घेतो.”

“दिवटे, थांबा,” आई म्हणाली. लग्नाआधी कॉलेजात ती त्यांना आडनावाने हाक मारायची, ती सवय पुढेही सुटली नव्हती. “माझ्या वडिलांचं आहे. मीच वाचणार.”

आणि तिने वाचलं.

“‘शके १८९५, चैत्र शुद्ध एकादशी. वरील नोंद मी लिहिली ती चुकीची आहे. कन्या अंबिका जिवंत आहे. जिवंत माणसाचे श्राद्ध घातले हे पाप माझे, तिचे नव्हे.’”

आईने पान जरा जवळ ओढलं आणि पुढे वाचलं.

“‘शपथेने बांधलेला असल्यामुळे या बारा वर्षांत मी तिला एक अक्षर लिहिले नाही, निरोप धाडला नाही. पुढेही माझ्याने ते होणार नाही. ती अशा वह्यांचा अभ्यास करते, असे वर्तमानपत्रात वाचले. सबब येथे लिहून ठेवतो. हे पत्र नव्हे, नोंद आहे. ती हे पान उघडील तेव्हा तिने कुणाला न विचारता थेट घरी यावे. मी वाट पाहतो. खाली तिने, तिच्या पतीने व लेकरांनी आपापल्या हाताने नावे लिहावीत, म्हणजे आमचे कूळ पुढे चालले असे होईल. दस्तुर खुद्द.’”

मला आधी काही कळलंच नाही. कळलं एवढंच की आजोबांनी चूक कबूल केली होती, आणि माझं ऊर भरून आलं होतं. त्याच भरात मी बोलून गेले, “पण असं कसं? एक अक्षर लिहिलं नाही म्हणतात, पत्रं तर दरवर्षी यायची!”

आईने पान पुन्हा वाचलं, या वेळी मनात. तिचं बोट एका ओळीखाली सरकत गेलं आणि थांबलं. मग तिने मान वर केली. बाबांकडे पाहिलं. तिच्यासारखं अक्षर ओळखणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. ती त्या क्षणी बाबांच्या चेहऱ्याकडे तसं बघत होती, एखादा कागद उजेडाकडे धरून बघावा तसं.

“दिवटे,” ती म्हणाली, “ती पत्रं कुणी लिहिली?”

बाबा म्हणाले, “मी.”

“सगळी?”

“बाराच्या बारा.”

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. ते घरंगळत गुरुजींच्या पाटापर्यंत गेलं, तरी ते उचलायचं मला सुचलं नाही. माझे बाबा! महाराष्ट्रात कुठे जुन्या सनदेवरून खटला उभा राहिला की वकील ज्यांना शोधत यायचे, ते बाबा. खोटा कागद हातात घेतला की ज्यांना मळमळतं असं आम्ही घरात थट्टेने म्हणायचो, ते.

गुरुजींना यातलं काय उमगलं कोण जाणे. ते बिचारे मधल्या शांततेने अवघडले आणि बोलायचं म्हणून बोलले, “शास्त्रीबुवा हे लिहून गेले तेव्हा माझे वडील होते. मी इथेच बसलेलो असायचो. त्यानंतर दोनदा आले ते. देवदर्शन नाही, काही नाही. ओट्यावर टेकायचे आणि एकच विचारायचे, ‘माझं पान कुणी उघडलं का?’ वडील नाही म्हणायचे. मग पाणी पिऊन परत जायचे.”

“दोनदा?” आईने विचारलं.

“दोनदा. दुसऱ्या वेळी काठी होती हातात.”

आईने डोळे मिटले. मला वाटलं ती कोसळणार. मी तिचा दंड धरला, तर तिने माझा हात अलगद बाजूला केला. गुरुजींकडे शाईचं पेन मागितलं. आजोबांच्या नोंदीखाली जागा सोडलेली होती, बोटभर रुंद. तिथे तिने लिहिलं, ‘अंबिका’. मग पेन माझ्या हातात दिलं. मी माझं नाव लिहिलं. बाळबोधीत, वेडंवाकडं.

मग तिने माझ्याकडून पेन घेतलं आणि बाबांसमोर धरलं.

“तुमचं नाव लिहा,” ती म्हणाली. “तुमच्या अक्षरात.”

बाबांनी पेन घेतलं. ‘मुरलीधर’ एवढी पाच अक्षरं लिहायला त्यांना किती वेळ लागला! मधे एकदा ते थांबले, शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, आणि पुन्हा लिहायला लागले. आई तोवर दाराबाहेर जाऊन चपला घालत होती.

परतीच्या एस.टी.त ती पुढे एका अनोळखी बाईशेजारी बसली. बाबा आणि मी मागे. सिन्नर गेलं, संगमनेर गेलं. संगमनेरला खिडकीबाहेर बघत बाबा म्हणाले, “इथे माझा मित्र मास्तर होता. पत्र लिहून बंद करायचो आणि दुसऱ्या पाकिटात घालून त्याच्याकडे पाठवायचो. तो इथून टाकायचा. शिक्का देवठाणकडचा पडायचा.” त्यांच्या मांडीवरचा त्यांचा उजवा हात मला बघवत नव्हता. याच हाताने ‘चि. प्रवरास अनेक आशीर्वाद’ लिहिलं होतं. वर्षातून एकदा माझे बाबाच माझे आजोबा होत होते, आणि खरे आजोबा कुठल्याशा ओट्यावर टेकून विचारत होते, माझं पान कुणी उघडलं का.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले, तर जेवणाच्या टेबलावर बाराही पत्रं ओळीने मांडलेली होती. शेजारी आईच्या वसतिगृहाच्या दिवसांतली आजोबांची खरी पत्रं. हातात भिंग घेऊन आई एकेक अक्षर लावत होती.

“‘ळ’ चुकलाय,” ती कुणाकडेही न बघता म्हणाली. “माझे वडील ‘ळ’ची गाठ खाली सोडायचे. इथे वर आहे. पहिल्याच पत्रात आहे. विद्यार्थ्याने दाखवला असता तर दोन मिनिटांत सांगितलं असतं, कागद बनावट आहे म्हणून. पंचवीस वर्षं हे कपाटात होतं आणि मी एकदाही शेजारी शेजारी ठेवून बघितलं नाही.”

बाबा समोरच्या खुर्चीत बसले. “तुला बघायचं नव्हतं.”

“हो. मला बघायचं नव्हतं. ती चूक माझी. आता तुमची सांगा.”

बाबांनी सांगितलं. मला ते सगळं नवीन होतं. माझ्याआधी त्यांना एक मुलगा झाला होता, हे मी तिथे, चहाचा ट्रे हातात धरून, पहिल्यांदा ऐकलं. १९६३ चा श्रावण. चार दिवसांत तो गेला. वडिलांनी आपलं श्राद्ध घातलं, त्याचाच हा भोग, असं आईने मनाशी घेतलं. तिने जेवण सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. डॉक्टर म्हणाले, औषधाने होण्यासारखं नाही, मनाने उभारी धरली तर वाचतील.

“मला दुसरं काही येत नव्हतं, अंबिका,” बाबा म्हणाले. “अक्षर येत होतं. तुझ्या पेटीतली पत्रं काढली. आठ दिवस सराव केला.”

आईने पहिलं पत्र उचललं आणि वाचलं. “‘तुझ्या बाळाचे जे झाले त्यात माझा शाप नाही. मी तुला शाप कधीच दिला नाही.’ हे वाचून मी उठून बसले होते. त्या दिवशी तुम्ही मला भात भरवलात.”

“हो.”

“त्याबद्दल मी तुम्हाला काही म्हणणार नाही. कधीच म्हणणार नाही.” तिने पत्र खाली ठेवलं. “पण त्यातच पुढे लिहिलंत, भेटायला येऊ नकोस. ते का?”

“तू गेली असतीस तर उघडकीला आलं असतं.”

“हो ना. आणि उघडकीला आलं असतं तर काय झालं असतं? मी चार दिवस रडले असते. दारातून हाकलली गेले असते. पण पुढच्या वर्षी पुन्हा गेले असते. केव्हातरी त्यांनी दार उघडलं असतं, दिवटे. ते दार उघडून बसले होते. दोन वर्षं बसले होते. आणि मी इथे तुमच्या पत्रातल्या वडिलांची आज्ञा पाळत होते.”

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं आता ते क्षमा मागतील. त्यांनी मागितली नाही. आईनेही ती मागायला लावली नाही.

“पुस्तक होईल,” आई उठत म्हणाली. “दोन्ही घराण्यांचं. नोंदी जशाच्या तशा छापायच्या. ही बारा पत्रंही परिशिष्टात जातील. कुठल्या मथळ्याखाली, ते तुम्ही ठरवा.”

“अंबिका, लोक...”

“तुम्ही ठरवा.”

देवठाणला मात्र ती गेली नाही. मी म्हटलं, आपण जाऊन येऊ. तर म्हणाली, “आता कुणाला भेटायचं तिथे?”

पुस्तक पुढच्या वर्षी आलं. परिशिष्ट तीनचा मजकूर बाबांनी स्वतः लिहून दिला आणि मी तो टंकला : ‘बनावट कागद, क्रमांक एक ते बारा. नरहर विनायक मुळे यांच्या अक्षराची नक्कल. नक्कल करणार : मुरलीधर दिवटे.’ कारण नाही, खुलासा नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी घरी येऊन विनवलं, निदान एक ओळ तरी घाला, कशासाठी केलं ते. बाबा म्हणाले, “बनावट कागदाच्या खाली हेतू लिहायची पद्धत नाही.”

त्या वर्षभरात आई त्यांच्याशी बोलत होती, पण फक्त कामाचं. मुद्रितं आली, पान अठरावर चूक आहे, दूध तापलंय. वाढायची, औषध द्यायची. ‘दिवटे’ अशी हाक मात्र मी त्या वर्षात ऐकली नाही.

आणि मग तो खटला आला. एका देवस्थानच्या जमिनीचा. विरुद्ध पक्षाने जुनी सनद दाखल केली होती. बाबांनी ती खोटी असल्याचं मत दिलं होतं आणि त्यांची साक्ष होती. मी सुट्टी काढून गेले. निघताना पाहते तर आईही साडी बदलून तयार.

“मी मागे बसेन,” ती म्हणाली.

उलटतपासणीला बेहेरे वकील उठले, तेव्हा त्यांच्या हातात आमचं पुस्तक होतं.

“हे तुमचंच पुस्तक? परिशिष्ट तीन वाचून दाखवा.”

बाबांनी वाचलं. कोर्टात कुजबुज झाली.

“म्हणजे बारा वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या अक्षराची नक्कल केलीत. खुद्द पत्नीची फसवणूक केलीत, ज्या स्वतः मोडीच्या जाणकार आहेत. बरोबर?”

“बरोबर.”

“मग आज या कोर्टाने तुमच्यावर विश्वास का ठेवावा?”

“ते कोर्टाने ठरवायचं आहे. सनद खोटी आहे, एवढं मी सांगू शकतो.”

बेहेरे हसून खाली बसले. आमच्या बाजूचा वकील तरुण होता, भला होता. तो घाईने उठला. बाबांना त्यातून बाहेर काढायची वाट त्याला दिसली होती.

“प्राध्यापकसाहेब, तुमच्या पत्नी तेव्हा अत्यवस्थ होत्या. त्यांचा जीव वाचवण्यासाठी तुम्ही ती पत्रं लिहिलीत. एवढंच ना?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. मी मनात म्हणत होते, बाबा, हो म्हणा.

“नाही,” बाबा म्हणाले.

वकील गोंधळला. न्यायाधीशांनी मान वर केली. “म्हणजे काय?”

“पहिलं पत्र तिच्यासाठी लिहिलं. उरलेली अकरा माझ्यासाठी.” बाबांनी साक्षीच्या पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता. “मी साळ्याचा मुलगा. ती शास्त्र्यांची मुलगी. वडिलांनी बोलावलं तर ती जाईल, त्या घरात पुन्हा एकदा बसेल, आणि आपण काय सोडून आलो ते तिला कळेल. मग ती परत येणार नाही, असं मला वाटायचं. दरवर्षी वाटायचं. तिला सत्य सांगावं म्हणून बसायचो आणि ‘येऊ नकोस’ असं लिहून उठायचो. ते म्हातारे वाट बघत होते हे मला माहीत नव्हतं. पण मी चौकशीही केली नाही. चौकशी करणं हाच माझा धंदा होता.”

न्यायाधीशांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग लेखनिकाला म्हणाले, “हे नोंदीत घेऊ नका. खटल्याशी संबंध नाही.”

बाबांची साक्ष ग्राह्य धरली गेली नाही. त्यानंतर कुठल्याही वकिलाने त्यांना बोलावलं नाही. तीस वर्षांचं काम त्या एका दुपारी संपलं. पण ते सगळं पुढे. त्या क्षणी मी मागे वळून पाहिलं, तर आईची जागा रिकामी होती.

ती बाहेर व्हरांड्यात खांबाशी उभी होती. आम्ही दोघं तिच्यापाशी गेलो. बाबा पाच वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. हातातली कागदांची पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

“घरी एवढं बोलला नाहीत,” आई म्हणाली.

“घरी तू विचारलं असतंस तर...” बाबांनी वाक्य तसंच सोडलं. मग म्हणाले, “नाही. घरी धीर झाला नसता.”

आई समोरच्या आवाराकडे बघत होती. तिथे पक्षकार जेवणाचे डबे उघडून बसले होते.

“तुम्ही चुकीची साक्ष दिलीत,” ती म्हणाली.

“चुकीची? मी खरं तेच...”

“अकरा नव्हेत, दिवटे. दहा.” तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. “दुसरं पत्र आलं त्या दिवाळीला ही पोटात होती. पहिल्यासारखंच होणार या भीतीने मी घास गिळत नव्हते. ते पत्र उशाखाली ठेवून मी दिवस काढले. ते तुम्ही कशासाठी लिहिलंत ते तुमचं तुम्हाला माहीत. मला ते पोचलं. ते माझं होतं.”

बाबांनी पिशवी छातीशी धरली.

“नोंद दुरुस्त करून घ्या,” आई म्हणाली, आणि पायऱ्या उतरायला लागली. दोन पायऱ्या उतरून ती थांबली. बाबा येईपर्यंत तशीच उभी राहिली.